पुण्याच्या गच्चीवरून उल्का टिपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी एक पांढरा डबा आहे. त्यात उल्का टिपणारा कॅमेरा आहे आणि त्याचं तोंड आभाळाकडे असतं. तो पाहून शेजारी, भाचरं, टाकी धुवायला येणारे काका, अशा सगळ्यांनी आजवर जे विचारलं ते इथे एकत्र केलं आहे. स्वतः असा डबा लावायची इच्छा असणाऱ्यांना बाकीचा तपशीलही मिळेल.

पुण्यात तारेच दिसत नाहीत. मग उल्का कशा दिसणार?

दिसतात. गावाकडच्या आभाळात दिसतील तितक्या नाही, पण रोजचा खटाटोप सार्थकी लागण्याइतक्या नक्की. डोळ्यांना शहराचा उजेड फार जाचतो, कारण रस्त्यावरचे दिवे सतत दिपवत राहतात आणि अंधाराला नजर सरावतच नाही. डब्यातल्या कॅमेऱ्याला समोरच्या इमारतीचा दिवा दिसतच नाही, त्याला फक्त वरचं आभाळ दिसतं. शिवाय तो जांभई देत नाही आणि मोबाइलमध्ये डोकं घालत नाही.

पानशेत, वेल्हे, भोर किंवा मुळशीकडे तुमचं घर किंवा शेत असेल तर प्रश्नच मिटला. पण वर्षातून एकदा महागडा कॅमेरा घेऊन राजगडाच्या पायथ्याशी जाण्यापेक्षा कोथरूडच्या गच्चीवर वर्षभर रोज चालणारा साधा कॅमेरा जास्त उल्का गोळा करतो. नव्या माणसाला माझं सांगणं इतकंच असतं.

उल्का म्हणजे पडणारा तारा नव्हे, हे माहीत आहे. पण आपण नेमकं टिपतो काय?

वाळूच्या कणापासून खड्याएवढ्या आकारापर्यंतचे तुकडे सेकंदाला ११ ते ७२ किमी वेगाने वातावरणात शिरतात. साधारण १२० ते ८० किमी उंचीच्या दरम्यान ते झिजून वाफ होतात. ती वाफ आणि आजूबाजूची हवा चमकते, आणि आपल्याला दिसते ती ही चमक. जमिनीपर्यंत पोचला तर त्या दगडाला अशनी म्हणायचं. बातम्यांमध्ये या दोन शब्दांची रोज गल्लत होते.

शटर जास्त वेळ उघडं ठेवलं तर अंधुक उल्काही येतील ना?

नाही. या छंदातला हा सगळ्यात चिवट गैरसमज आहे. ताऱ्यांच्या बाबतीत ते खरं, कारण तारा बराच वेळ एकाच पिक्सेलवर बसून असतो आणि त्याचा प्रकाश साठत जातो. उल्का थांबत नाही.

हिशोबच मांडू. डिसेंबरातल्या मिथुन उल्कावर्षावाची उल्का सेकंदाला ३५ किमी वेगाने येते. ती तुमच्यापासून १०० किमीवर आडवी चालली असेल तर आकाशात सेकंदाला सुमारे २० अंश सरकते. सेन्सरचा पिक्सेल २.९ मायक्रॉनचा आणि लेन्स ६ मिमीची धरली, तर एका पिक्सेलमध्ये आकाशाचा १.७ कलांहून (एका अंशाच्या ६० कला) किंचित कमी तुकडा मावतो. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एका फ्रेममध्ये उल्का सुमारे २९ पिक्सेल ओलांडते. म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला ती जेमतेम दीड मिलिसेकंद येते. शटर दोन सेकंद उघडं ठेवा नाहीतर वीस, उल्केचा प्रकाश त्या पिक्सेलला तेवढाच मिळणार. उरलेल्या वेळात साठतो तो स्वारगेटचा उजेड.

म्हणून व्हिडिओ. छोट्या छोट्या फ्रेममध्ये आभाळाची पार्श्वभूमी कमी साठते आणि उल्का तिच्यावर उठून दिसते. शिवाय दर फ्रेमला उल्का कुठे होती हे कळतं, म्हणजे वेगही कळतो. एका लांब एक्स्पोजरमध्ये नुसती रेघ मिळते. ती कोणत्या टोकाकडून कोणत्या टोकाकडे गेली हेही कधी कधी सांगता येत नाही.

फास्ट लेन्स म्हणजे काय, आणि ती एवढी महत्त्वाची का?

लेन्सचं नाभीय अंतर (६ मिमी, १६ मिमी म्हणतात ते) भागिले तिच्या तोंडाचा व्यास, म्हणजे एफ-आकडा. हा आकडा जितका लहान तितकी लेन्स फास्ट. ६ मिमीची एफ/०.९५ लेन्स घेतली तर तिचं तोंड सुमारे ६.३ मिमी असतं. त्याच नाभीय अंतराच्या एफ/१.४ लेन्सपेक्षा ती दुपटीहून थोडा जास्त प्रकाश आत घेते. ताऱ्यांच्या प्रतीत (तारा किती तेजस्वी दिसतो त्याचं माप) सांगायचं तर जवळजवळ ०.८ प्रत. हा फायदा लहान वाटेल, पण उल्का जितक्या अंधुक तितक्या संख्येने जास्त असतात. त्यामुळे मर्यादा थोडी खाली सरकली की रात्रीचा आकडा चांगलाच वर जातो.

वेळ वाढवून प्रकाश मिळत नाही हे वर पाहिलंच. उरतं काय, तर तोंड मोठं करणं. म्हणून इथे एफ-आकड्याला एवढा मान.

आता गोम. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त एफ/०.९५ लेन्स मध्यभागी झकास असतात आणि कोपऱ्यात ताऱ्यांना पंख फुटतात. मोजणीसाठी ते फारसं बिघडत नाही, सॉफ्टवेअर सांभाळून घेतं. फोटोची फ्रेम करून भिंतीवर लावायची असेल तर मात्र वाईट वाटेल.

किती मिमीची लेन्स घ्यावी?

साधारण ५.६ × ३.१ मिमीच्या सेन्सरवर (सध्याचे बहुतेक दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे याच मापाचे) ४ मिमीची लेन्स सुमारे ७० × ४३ अंशांचं आभाळ दाखवते, ६ मिमीची ५० × २९, आणि १६ मिमीची फक्त २० × ११. एफ-आकडा तोच असेल तर लांब लेन्सचं तोंड मोठं, म्हणून ती जास्त अंधुक उल्का पकडते, पण आभाळाचा तुकडा लहान होतो. पुण्यातून पहिला कॅमेरा लावताय तर ४ किंवा ६ मिमी घ्या. १६ मिमी दुसऱ्या वर्षी.

खरेदी करताना लेन्सचा आटा तपासा. सी-माउंट आणि सीएस-माउंट दिसायला सारखेच असतात, पण सेन्सरपासूनचं अंतर पहिल्यात १७.५ मिमी आणि दुसऱ्यात १२.५ मिमी लागतं. सी-माउंटची लेन्स सीएस कॅमेऱ्यावर बसवायची तर ५ मिमीची रिंग मध्ये घालायची. उलटं जमत नाही. मी एक लेन्स अशीच घेऊन बसलो आहे, कुणाला पाहिजे तर सांगा.

कॅमेरा कोणता?

आधीच्या पिढीतला लाडका म्हणजे जपानी वॉटेक ९०२एच, अर्ध्या इंची सेन्सरचा कृष्णधवल ॲनालॉग कॅमेरा. उल्कांचे अभ्यासक पीटर जेनिस्केन्स यांनी २०१० मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या 'कॅम्स' या पाहणीने याच घराण्यातले कॅमेरे एफ/१.२ लेन्ससह वापरले. जुना वॉटेक स्वस्तात मिळाला तर घ्या, पण त्याला संगणकाशी जोडायला कॅप्चर कार्ड लागतं आणि एक फ्रेम दोन अर्ध्या भागांत येते, ते भाग नीट जुळवावे लागतात.

आज बहुतेक जण सोनीच्या स्टारविस सेन्सरचे, म्हणजे आयएमएक्स २९१ किंवा ३०७ चे, आयपी कॅमेरा बोर्ड वापरतात. मुळात हे पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी बनवलेले सेन्सर आहेत. बोर्ड, लेन्स, सीसीटीव्हीचा रिकामा बाह्यकवच डबा आणि रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक, एवढ्यात काम होतं. डेनिस विडा यांनी उभ्या केलेल्या ग्लोबल मेटिऑर नेटवर्कची, म्हणजे जगभरच्या उल्का-कॅमेऱ्यांच्या जाळ्याची, केंद्रं अशीच बनलेली असतात आणि त्यांचं सॉफ्टवेअर खुलं आहे. वीज आणि चित्र एकाच केबलमधून नेता येतं, त्यामुळे गच्चीवर वेगळा प्लग लागत नाही.

आतला इन्फ्रारेड फिल्टर काढायचा का?

काढायचा. हाताळताना सेन्सरला बोट लावू नका, एवढंच.

कारण असं की हे सेन्सर डोळ्याला न दिसणाऱ्या लाल-पलीकडच्या भागातही बरेच संवेदनशील असतात. वेगवान उल्कांच्या प्रकाशात ऑक्सिजनची ७७७ नॅनोमीटरची रेषा जोरदार असते आणि फिल्टर नेमकी तीच खातो. दुसरा फायदा खास शहरी आहे. पांढरे एलईडी दिवे या भागात जवळजवळ काहीच प्रकाश टाकत नाहीत. पिवळे सोडियम दिवे जाऊन पांढरे आल्यावर आम्ही हौशी लोक बोटं मोडत होतो, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्यांसाठी ते रास्तही आहे. पण फिल्टर काढलेल्या कॅमेऱ्याला तारे आणि उल्का यांचा वाढीव प्रकाश मिळतो आणि शहराच्या उजेडाची भर त्या मानाने कमी पडते.

फिल्टर काढल्यावर फोकस बदलतो. तो दिवसा दूरच्या टेकडीवर लावू नका. रात्री एखादा तारा पाहत लावा, आणि स्क्रू घट्ट करताना पुन्हा बघा, कारण तिथेच तो हलतो.

घराचा साधा सीसीटीव्ही चालणार नाही का?

मोठा अग्निगोल, म्हणजे अतिशय तेजस्वी उल्का, त्यातही येतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर जो गोळा फुटला त्याचा मार्ग मोटारींमधल्या आणि इमारतींवरच्या अशाच कॅमेऱ्यांवरून काढला गेला. तेव्हा तुमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्यात काही दिसलं तर ते पुसलं जाण्याआधी उतरवून घ्या.

रोजच्या उल्का मात्र त्यात हरवतात. मुख्य गुन्हेगार म्हणजे चित्र 'स्वच्छ' करणारी थ्रीडी नॉइज रिडक्शन सोय. ती आधीच्या फ्रेमशी तुलना करून क्षणिक चमक म्हणजे कचरा समजते आणि पुसून टाकते. उल्का म्हणजे क्षणिक चमकच. ही सोय बंद करा, शटर आपोआप मंदावण्याची सोय बंद करा, कॅमेरा कायम कृष्णधवलवर ठेवा आणि गेन (सेन्सरचा संकेत किती वाढवायचा तो आकडा) हाताने लावा. कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे असतील तर तेही बंद, नाहीतर कोळी जाळं घालायला नेमकी तीच जागा निवडतो.

तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं?

पुण्यातून उत्तरेला, क्षितिजापासून ४०-५० अंश वर. यामागे उजेडापेक्षा सूर्याचा विचार जास्त आहे. लेन्समधून थेट सूर्य सेन्सरवर पडत राहिला तर सेन्सर खराब होतो. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. म्हणजे कॅमेरा सरळ वर लावणाऱ्याच्या लेन्समध्ये त्या दिवसांत भर दुपारी सूर्य उतरतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य थोडा उत्तरेला जातो, पण डोक्यापासून पाच अंशांहून जास्त नाही, त्यामुळे उत्तरेला कललेला कॅमेरा दुपारी वाचतो. मेअखेर ते जुलै सकाळ-संध्याकाळी सूर्य ईशान्येच्या आणि वायव्येच्या अलीकडे असतो, तेवढं आपल्या लेन्सच्या कडेशी ताडून पाहा.

दिशा बरोबर आहे का हे ध्रुवताऱ्यावरून कळतं. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, तेव्हा ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर. बहुतेकांच्या गच्चीवरून तो नेमका समोरच्या इमारतीमागे असतो.

रात्रभराच्या व्हिडिओतून उल्का शोधणार कोण?

सॉफ्टवेअर. रास्पबेरी पायवर ते २५६ फ्रेमचा, म्हणजे सव्वादहा सेकंदांचा एकेक गठ्ठा घेतं. प्रत्येक पिक्सेलसाठी चारच गोष्टी जपून ठेवतं: सर्वात जास्त उजेड किती होता, तो कितव्या फ्रेमला होता, सरासरी किती आणि चढउतार किती. एवढ्यावरून रेघ ओळखता येते आणि जागाही कमी लागते. मग ताऱ्यांच्या नकाशाशी चित्र जुळवलं की प्रत्येक पिक्सेल आकाशात कुठे पाहतो ते ठरतं. ही जुळवणी पहिल्यांदा हाताने, शांतपणे करा. ती चुकली तर पुढचं सगळं चुकतं, आणि ते महिनाभर लक्षात येत नाही.

सकाळी उघडून पाहिलं तर शंभर 'उल्का' होत्या!

अभिनंदन, लोहगावची विमानं सापडली. लुकलुकणारे ठिपके म्हणजे विमान. एकसारख्या वेगाने सावकाश जाणारा ठिपका उपग्रह. जाड, अस्पष्ट, वळणं घेणारी रेघ म्हणजे लेन्सजवळून गेलेला किडा, आणि तशीच पण रुबाबदार असेल तर वटवाघूळ. दिवाळीचे चार दिवस बाण आणि भुईनळे, गणपतीत प्रकाशझोत. त्या दिवसांच्या नोंदी मी तपासतही नाही.

एक वेगळं प्रकरण लक्षात ठेवा. २ एप्रिल २०२२ ला संध्याकाळी महाराष्ट्रभर लोकांनी जळत जाणाऱ्या तुकड्यांची रांग पाहिली आणि मोबाइलवर टिपली. ती उल्का नव्हती, चिनी रॉकेटचा परत आलेला भाग होता. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात त्याची मोठी धातूची कडी पडलेली सापडली. ओळखायची खूण म्हणजे वेग. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू सेकंदाला आठ किमीच्या आतबाहेर येते, उल्का किमान अकराने. एखादी गोष्ट तुम्हाला घरच्यांना हाका मारून बाहेर बोलवायला वेळ देत असेल तर ती बहुधा उल्का नसते.

आणखी एक पाहुणा. एप्रिल-मे मध्ये सोलापूर-मराठवाड्याकडे वळवाची वादळं उठतात, त्या बाजूला कॅमेरा असेल तर ढगांच्या वर, ५० ते ९० किमी उंचीवर, गाजराच्या पानांसारखी एक चमक एखाद्या फ्रेमपुरती येऊ शकते. तिला स्प्राइट म्हणतात. ती उल्का नाही, पण पुसू नका!

एकच कॅमेरा पुरे का?

मोजायला आणि कोणत्या वर्षावाची उल्का हे साधारण ओळखायला पुरे. उंची, खरा वेग आणि सूर्याभोवतीची कक्षा हवी तर तीच उल्का दुसऱ्या गावातूनही दिसायला हवी. दोन डोळ्यांनी अंतर कळतं तसंच. दोन केंद्रांमध्ये ५० ते १५० किमी अंतर चांगलं. पुण्याला साताऱ्याची जोडी उत्तम, सरळ रेषेत सुमारे ९५ किमी. अहिल्यानगरही चालेल, ११० च्या आसपास. नाशिक थोडं लांब पडतं. पण कॅमेऱ्यांची तोंडं जुळायला हवीत: दोघांनी जमिनीच्या वर १०० किमीवरच्या एकाच तुकड्याकडे पाहायचं. पुण्याने उत्तरेला आणि साताऱ्याने दक्षिणेला पाहिलं तर दोघांच्या उल्का वेगळ्या, भेट होणार नाही.

साताऱ्यात कुणाची गच्ची आहे का? हा प्रश्न वारंवार मीच विचारतो.

घड्याळ किती अचूक हवं?

इंटरनेटवरून वेळ जुळवणारा संगणक पुरतो. नोंद मात्र जागतिक वेळेत करा. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे, तेव्हा रात्री साडेदहा म्हणजे तिथले १७:००. यात आपली सोय अशी की पहाटे साडेपाचपर्यंत तारीख बदलत नाही. युरोपातल्या मंडळींची तारीख ऐन मध्यरात्रीच्या सुमारास बदलते, बिचारे.

कोणत्या रात्री सोडू नयेत?

मिथुन वर्षाव, १३-१४ डिसेंबर. पुण्यासाठी हाच राजा. हवा कोरडी, रात्र लांब, आणि वर्षावाचं केंद्र (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) पहाटे दोनच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर, ७५ अंशांवर. याचा उगम धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह आहे, तो १९८३ मध्ये सापडला.

मे महिन्याच्या ५-६ तारखेची पहाट लोक विसरतात. कुंभ राशीतला तो वर्षाव हॅलेच्या धूमकेतूचा, वेग सेकंदाला ६६ किमी. युरोपपेक्षा आपल्या अक्षांशावरून तो कितीतरी चांगला दिसतो. ऑक्टोबरात मृग नक्षत्राकडून येणाऱ्या उल्काही हॅलेच्याच. १७-१८ नोव्हेंबरचा सिंह वर्षाव एरवी किरकोळ असतो, १९६६ किंवा २००१ सारखं वादळ क्वचित. ययाती तारकासमूहाचा वर्षाव, १२-१३ ऑगस्टचा, जगभर गाजतो. आपल्याकडे त्या रात्री ढग.

मग पावसाळ्यात डबा उतरवायचा?

मी उतरवत नाही, पण जूनच्या आधी उघडून सिलिका जेलच्या पुड्या बदलतो आणि रबरी कडी तपासतो. एका वर्षी हा आळस केला आणि ऑगस्टमध्ये लेन्सवर बुरशीची नक्षी उमटली. पुड्यांचा रंग बदलला की त्या वाळवून परत वापरता येतात. केबल डब्यात खालून घ्या आणि आत शिरण्याआधी तिला एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून खाली टपकतं, आत जात नाही. वीज कडाडू लागली की केबल संगणकापासून काढून ठेवा. गच्चीवरची लांब तार म्हणजे विजेला निमंत्रण.

सोसायटी परवानगी देते का?

लेखी अर्ज द्या, सोबत कॅमेऱ्यातून दिसणारं चित्र छापून जोडा. 'कुणाच्या खिडकीत बघतोय' ही शंका त्या एका चित्राने मिटते, तास-दोन तासांच्या भाषणाने मिटत नाही. आमच्याकडे आता सेक्रेटरीच पाहुण्यांना डबा दाखवतात.

मोठी उल्का दिसली तर दगड सापडेल?

क्वचित. चेक प्रदेशात ७ एप्रिल १९५९ ला पडलेला प्रिब्राम हा पहिला अशनी, ज्याचा मार्ग अनेक ठिकाणच्या छायाचित्रांवरून काढून कक्षा मांडली गेली. चमक विझल्यावर उरलेला दगड शेवटचे वीसेक किमी अंधारात पडतो आणि वारा त्याला बाजूला नेतो, म्हणून दोन-तीन केंद्रांची नोंद आणि त्या रात्रीच्या वाऱ्याची माहिती दोन्ही लागतात. शेजारच्या गुजरातेत २८ जानेवारी १९७६ ला धजाला इथे अशनी पडले, तेव्हा असे कॅमेरे असते तर काय बहार आली असती! काही सापडलं तर लोहचुंबक लावून पाहू नका, त्याने दगडातली मूळची चुंबकीय नोंद बिघडते. जागेचा फोटो काढा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

लोणार करायला लागला तेवढा दगड आला तर कॅमेऱ्याची गरज पडणार नाही.

हे शिकायला पुण्यात कुठे जावं?

टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था आहे, १९४४ पासूनची. आधी काही रात्री त्यांच्याबरोबर नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखायला शिका. ययाती आणि शर्मिष्ठा ओळखता येत नसतील तर ताऱ्यांची ती जुळवणी करताना फार घाम निघतो.

तुम्ही रात्रभर जागता का?

नाही. डबा अंधार पडल्यावर आपला आपण सुरू होतो, मी सकाळी चहाबरोबर निकाल पाहतो. फक्त १३ डिसेंबरला चटई आणि घोंगडी घेऊन वर जातो. मागच्या खेपेला कॅमेऱ्याच्या पाठीमागून, सिंहगडाच्या बाजूने एक हिरवट, लांबलचक उल्का गेली. शेजारच्या काकू दचकून 'अगं बाई' म्हणाल्या. कॅमेऱ्यात त्या वेळची फ्रेम पाहिली, त्यात एक विमान आहे.